तिथी, तारीख आणि दिनविशेष



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत एक साधा प्रघात पाडला होता. प्रार्थनेपूर्वी दर्शनी भागातील फळ्यावर त्या दिवसाचा 'दिनविशेष' लिहिला जाई. कोणाचा जन्म, कोणाचे निधन, कोणती लढाई, कोणत्या ग्रंथाचे प्रकाशन, अशा दोन-चार ओळी असत. महाराष्ट्रापासून दूर, माळव्याच्या मातीत वाढणाऱ्या मराठी मुलांना आपल्या इतिहासाची ओळख बव्हंशी अशा ओळींतूनच होते. म्हणून आजच्या विवेचनासाठी मी तोच विषय निवडला आहे. 'अमुक घटना अमुक दिवशी घडली' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? एकाच घटनेसाठी दोन-दोन, प्रसंगी चार-चार दिवस सांगितले जातात, तेव्हा त्यांतला खरा कोणता? दरवर्षी शिवजयंती जवळ आली की हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहत नाही; तो चौकाचौकांत येतो आणि त्यावरून माणसे एकमेकांना दुरावतात. तेव्हा त्याची उकल शांतपणे करून पाहणे अगत्याचे आहे.

आरंभ रायगडावरील एका पहाटेपासून करू. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सरात, ज्येष्ठ महिन्यात झाला, याबद्दल दुमत नाही. त्या काळाच्या घटनांची विश्वसनीय नोंद ठेवणाऱ्या जेधे शकावलीत महाराज सिंहासनावर बसले तो दिवस ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार असा दिला असून तीन घटका रात्र उरली असतानाची ती वेळ सांगितली आहे. आपण मात्र शिवराज्याभिषेकदिन ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला साजरा करतो. तारखेने तो ६ जून १६७४ रोजी मानतो आणि त्या दिवशी शनिवार होता. आजच्या कालगणनेत काटेकोर रूपांतर केले तर तारीख १६ जून येते. द्वादशी की त्रयोदशी? शुक्रवार की शनिवार? ६ की १६? वरवर पाहता हा गोंधळ वाटेल. वस्तुतः यांतले एकही विधान खोटे नाही.

प्रथम वाराचे पाहू. आपल्या परंपरेत दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो. युरोपीय गणनेत तो मध्यरात्री बदलतो. इस्लामी गणनेत सूर्यास्ताबरोबर नवा दिवस लागतो. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तीन घटका रात्र उरली होती, म्हणजे सूर्योदयाला बहात्तर मिनिटे अवकाश होता. आपल्या हिशेबाने शुक्रवार अजून संपला नव्हता. इंग्रजांच्या हिशेबाने शनिवार सुरू होऊन काही तास लोटले होते. हा भेद फार जुन्या काळापुरताच आहे असे नाही. लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईस सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर झाले. त्यामुळे पुण्यतिथीची तारीख १ ऑगस्ट १९२० ठरली. पंचांगाच्या दृष्टीने मात्र ती शनिवारचीच, म्हणजे ३१ जुलैची रात्र होती.

आता तिथीचे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी सुमारे एकोणीस तासांची, तर कधी सव्वीस तासांची असते. ती कोणत्याही वेळी सुरू होते आणि संपते. व्यवहारासाठी सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी मानण्याची रूढी आहे. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून शकावलीकाराने द्वादशी लिहिली. पण ती एकवीस घटका आणि चौतीस पळांनी संपली हेही त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे दुपार कलत असताना त्रयोदशी लागली. महाराज सिंहासनारूढ झाले त्या क्षणी आकाशात त्रयोदशीच होती. नोंद करणाऱ्याने दिवसाची तिथी दिली, उत्सव करणाऱ्यांनी क्षणाची तिथी धरली. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

राहिला ६ आणि १६ जूनचा प्रश्न. त्यासाठी युरोपात जावे लागेल. ज्युलियस सीझरने रूढ केलेल्या गणनेत वर्ष सव्वातीनशेपासष्ट दिवसांचे धरले होते. ऋतुचक्राचे वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. हा क्षुल्लक फरक साठत जाऊन सुमारे एकशेअठ्ठावीस वर्षांत एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात तारखेच्या दहा दिवस मागे पडला होता. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबर, गुरुवारनंतर १५ ऑक्टोबर, शुक्रवार आला. वारांची साखळी मात्र तुटली नाही, हे ध्यानी ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे. कॅथलिक देशांनी ही सुधारणा लवकर स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचा निर्णय मानला नाही. तेथे हा बदल १७५२ च्या सप्टेंबरात झाला आणि तोवर साठलेले अकरा दिवस गाळावे लागले.

याचा परिणाम आपल्या इतिहासावर झाला. सतराव्या शतकात सुरत आणि मुंबईचे इंग्रज जुन्या पद्धतीने तारीख लिहीत होते, तर गोव्याचे पोर्तुगीज नव्या पद्धतीने. राज्याभिषेकाला उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या दप्तरी तो दिवस ६ जूनचा. त्याच दिवशी गोव्यात १६ जून होती. छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्याजवळील जुवे बेटावर धडक मारली ती पोर्तुगीज कागदांनुसार २४ नोव्हेंबर १६८३ रोजी. त्या दिवशी मुंबईच्या इंग्रज कारकुनाने पत्र लिहिले असते तर त्यावर १४ नोव्हेंबर अशी तारीख पडली असती. मराठ्यांचा इतिहास लिहिताना इंग्रजी आणि पोर्तुगीज साधने एकत्र वापरावी लागतात. हे दहा दिवस ज्याच्या ध्यानात नसतील, त्याच्या लिखाणात उत्तर प्रश्नाच्या आधी पोहोचते आणि सैन्य निघण्यापूर्वीच लढाई होते.

साहित्याच्या अभ्यासकांना याचे एक गमतीदार उदाहरण ठाऊक असेल. शेक्सपिअर आणि सर्व्हँटिस या दोघांच्या नावे २३ एप्रिल १६१६ हीच तारीख सांगितली जाते. सर्व्हँटिस आदल्या दिवशी निवर्तला आणि २३ रोजी त्याचे दफन झाले, असे आता मानतात. पण तो भाग बाजूला ठेवला तरी या दोन तारखा एका दिवसाच्या नाहीतच. स्पेनमध्ये नवी गणना होती, इंग्लंडमध्ये जुनी. स्पेनची २३ एप्रिल होऊन दहा दिवस उलटल्यावर इंग्लंडची २३ एप्रिल उजाडली. तारीख एक असली म्हणजे दिवस एक असतोच असे नाही, आणि तारखा दोन असल्या म्हणजे दिवस दोन असतातच असेही नाही.

या सूत्राच्या आधारे शिवजन्माच्या प्रश्नाकडे वळू. शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार ही जेधे शकावलीची नोंद आहे. जुन्या गणनेत तिची तारीख १९ फेब्रुवारी १६३० आणि नव्या गणनेत १ मार्च १६३० येते. तत्कालीन इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे त्या दिवशी लिहिलेल्या इंग्रजी कागदावर साल १६२९ असेच दिसले असते. येथे वाराची साक्ष किती मोलाची असते पाहा. तरुण श्रोत्यांपैकी कोणी आपल्या हातातील मोबाइलवर १९ फेब्रुवारी १६३० चा वार शोधला, तर उत्तर मंगळवार असे येईल. याचे कारण हे की ते यंत्र आजची गणना तशीच मागे नेते. १ मार्च १६३० चा वार शोधावा, शुक्रवार येईल. वारांची साखळी अखंड राहिली असल्याने मूळ नोंदीतील वार जुळला की रूपांतर बरोबर झाले असे समजावे. जुन्या कागदात तिथीबरोबर वार लिहिणाऱ्या त्या अनाम कारकुनांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

तेव्हा १९ फेब्रुवारीला उत्सव करणारा आणि फाल्गुन वद्य तृतीयेला उत्सव करणारा, हे दोघे एकाच दिवसाचे स्मरण करीत असतात. त्यांच्यात वादाचे कारण नाही. परंतु शिवजन्माबाबत दुसरा एक वाद होता आणि त्याचे स्वरूप सर्वस्वी निराळे होते. उत्तरकालीन बखरींतून जन्मवर्ष शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, आणि महिना वैशाख असा आला होता. बेळगावात शिवजयंतीचा उत्सव वैशाखात करण्याची परंपरा त्यातूनच आली आहे. १६२७ आणि १६३० हा भेद भाषांतराचा नव्हे. तेथे दोन भिन्न दिवस आहेत आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत. असा भेद मिटतो तो पुराव्याने. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. पुढे जोधपूरच्या ज्योतिषी घराण्यातील संग्रहात मिळालेल्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. तंजावरास सापडलेले, महाराजांच्या समकालीन परमानंद कवींचे 'शिवभारत' सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले; त्यातही हीच तिथी निघाली. कारीपासून तंजावरापर्यंत आणि तेथून जोधपूरपर्यंत विखुरलेली, परस्परांशी संबंध नसलेली तीन साधने एकच दिवस सांगतात, तेव्हा इतिहासाचा विद्यार्थी तो स्वीकारतो. महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली आहे.

आपण इंदूरकर मराठी मंडळी यात आणखी एका अडचणीला रोज सामोरे जातो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एका नावाने पुढे असतो. आपल्या घरी गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते. शेजारच्या मालवी कुटुंबाची जन्माष्टमी भाद्रपद कृष्ण अष्टमीची. उपास एकाच दिवशी, जन्मोत्सव एकाच मध्यरात्री. फक्त महिन्याचे नाव वेगळे. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया येथील पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया असते.

लोकमाता अहिल्याबाईंचे उदाहरण तर आपल्या अंगणातले. शके १७१७ च्या श्रावण वद्य चतुर्दशीला, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, त्यांनी महेश्वरी देह ठेवला. १७५२ नंतरची घटना असल्यामुळे येथे तारखेत दहा-अकरा दिवसांचा फरक उरत नाही. परंतु इंदुरात पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला. पुण्याहून नुकताच आलेला पाहुणा चकित होतो आणि दिवस चुकला असे समजतो. चूक कोणाचीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवसाची ती चतुर्दशी दोन नावांनी ओळखली जाते, इतकेच. येथून दक्षिणेला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. त्यांचे निधन शके १६६२, वैशाख शुद्ध त्रयोदशीचे. शुद्ध पक्ष असल्याने महिन्याच्या नावात इंदूर-पुणे असा भेद नाही. मात्र इंग्रजांची जुनी गणना तेव्हा चालू असल्याने २८ एप्रिल १७४० ही तारीख आजच्या हिशेबाने ९ मे होते. बडोद्याच्या आप्तांकडे गेले तर आणखी निराळे. तेथे महिने आपल्यासारखेच अमान्त, पण विक्रम संवताचे वर्ष दिवाळीनंतर, कार्तिकात बदलते.

पेशवाईच्या कागदांत याहून वेगळी रीत आढळते. तेथे पुष्कळदा सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो आणि 'छ' या चिन्हापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो. हा सन मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो. त्यात वर्षाच्या पूर्वार्धात ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवले की इसवी सन निघतो. पानिपतच्या वर्षी हा सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ होता. त्यात ६०० मिळवले की १७६१ येतात.

पानिपतचा विषय निघालाच आहे, तर एका लोकसमजुतीचा परामर्श घेतो. १४ जानेवारी १७६१ ही तारीख निर्विवाद आहे. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. आपण १४ जानेवारीला तिळगूळ वाटतो. तेव्हा ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत आली, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. 'संक्रांत येणे' हा वाक्प्रचार हाताशी असल्याने ते मनाला पटतेही. पण १७६१ साली मकरसंक्रांत १४ जानेवारीला नव्हती. आपली संक्रांत नक्षत्रांच्या संदर्भात मोजली जाते आणि ते वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे इंग्रजी तारखेच्या तुलनेत संक्रांत सत्तरएक वर्षांत एक दिवस पुढे सरकते. याची साक्ष दुसऱ्या एका प्रसिद्ध दिनविशेषात मिळते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शतकभर आधी, पानिपतच्या वेळी, संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली होती. रणांगणावरील त्या उपाशी सैन्याचे दुःख पुरेसे दारुण आहे. त्याला पंचांगातील अपशकुनाची जोड देण्याची गरज नाही. तशी जोड दिली की रसद तुटणे, दिल्लीचा मार्ग रोखला जाणे ही पराभवाची खरी कारणे बाजूला पडतात आणि दोष ग्रहांच्या माथी जातो. चुकीच्या दिनविशेषाने होणारी हानी ती हीच.

मग तिथी पाळावी की तारीख? माझ्या मते दोहोंची कार्ये भिन्न आहेत. घटनांचा क्रम लावणे, एका देशाच्या घटनेशी दुसऱ्या देशाची घटना जुळवून पाहणे, दोन प्रसंगांतले अंतर मोजणे, यासाठी तारीख हवी. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यात अधिकमासाने भर पडते; त्यामुळे तिथीने हे हिशेब अवघड होतात. पण स्मरणाचे काम तिथी अधिक जिव्हाळ्याने करते. वारकरी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस ज्ञानदेवांच्या समाधीपुढे उभा राहतो, तेव्हा शके १२१८ मध्ये होती तीच चंद्राची कोर पहाटेच्या आकाशात असते. महाराजांचे महानिर्वाण शके १६०२ च्या चैत्री पौर्णिमेचे. ३ एप्रिल १६८० म्हटल्याने साल कळते, 'हनुमान जयंतीचा दिवस' म्हटल्याने तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्या पिढीला तिथी कळेनाशी होईल, तिला आपल्या जुन्या कागदांतील एकही ओळ दिवसानिशी वाचता येणार नाही. घराबाहेर दुसरी भाषा आणि दुसरे पंचांग असलेल्या आपल्यासारख्यांच्या मुलांवर ही वेळ आधी येईल, याची मला चिंता वाटते.

म्हणून शाळेच्या चालकांना आणि शिक्षकबंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. दिनविशेष लिहिताना घटना जुनी असेल तर प्रथम मूळ तिथी, शक आणि वार लिहावा. त्याखाली तारीख द्यावी आणि १७५२ पूर्वीची असल्यास ती जुन्या गणनेची की नव्या, हे स्पष्ट करावे. वद्य पक्षातील तिथी असेल तर तिचे येथील नावही कंसात घालावे. ही माहिती कोठून मिळाली ते शेवटी एका शब्दात नोंदवावे. आणि हे काम शिक्षकांनी न करता आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्यावे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला. ते स्वतः शाळाखात्यातले शिक्षक होते. गणित आणि इतिहास हे विषय एकाच फळ्यावर एकत्र येऊ शकतात, हे अशा शिक्षकांनीच आपल्याला दाखवून दिले आहे.

दोन गटांत तारखेवरून वाद सुरू झाला तर आपल्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न असा विचारावा की, हे दोन दिवस आहेत की एकाच दिवसाची दोन नावे? एकाच दिवसाची दोन नावे असतील तर दोन्ही उत्सवांत आनंदाने सामील व्हावे. दिवसच दोन असतील तर पुरावा मागावा, तो तपासावा आणि जो टिकेल तो मान्य करावा, मग तो आपल्या गावच्या रूढीविरुद्ध का असेना. एवढा विवेक या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी बाणला, तर या व्याख्यानमालेचा हेतू सफल झाला असे मी समजेन.